शिबिराच्या अर्जातून वगळलेल्या दोन प्रश्नांविषयी

प्रति,
महिला आरोग्य तपासणी शिबिराची आयोजन समिती,
तसेच या शिबिरात सेवा देणारे स्त्रीरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर,
नाशिक.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

दरवर्षी महिला दिनाच्या आठवड्यात आपली समिती नाशिकमध्ये स्त्रियांसाठी मोफत आरोग्य तपासणी शिबिर भरवते. सिडको, सातपूर, पंचवटी येथून बायका येतातच, पण निफाड आणि दिंडोरीकडूनही सकाळच्या एसटीने येतात, आणि गेली चार वर्षे मी तेथे नोंदणीच्या टेबलावर बसून त्यांचे अर्ज भरून देत आले आहे. या कामाविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हे पत्र लिहिताना हात जड झाला आहे. येत्या शिबिराच्या अर्जात दोन प्रश्न वाढवावेत, अशी लेखी विनंती मी समितीला केली होती. त्यावर आलेले उत्तर दोन वाक्यांचे आहे : ‘सदर प्रश्न शिबिराच्या कक्षेत येत नाहीत. तसेच अशा प्रश्नांमुळे महिलांविषयी गैरसमज पसरण्याची शक्यता आहे.’ हे उत्तर मला गप्प बसून स्वीकारता येत नाही, म्हणून हे पत्र समितीच्या कार्यालयात देत असतानाच सर्वांसमोर ठेवत आहे. समितीचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. कोणाला कमीपणा आणावा हा माझा हेतू नाही.

मी सुचवलेले प्रश्न असे होते. पाळी येण्याच्या आधीच्या आठवड्यात मन इतके खचते किंवा राग इतका अनावर होतो का, की त्यामुळे घर, काम किंवा नाती बिघडतात, आणि पाळी सुरू झाल्यावर थोड्या दिवसांत तो त्रास आपोआप ओसरतो का? आणि दुसरा : त्या दिवसांत जगणे नकोसे होते का, जीव द्यावा असे मनात येते का?

अर्जात आज वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड यांचे रकाने आहेत. पाळी नियमित येते का, अंगावरून जास्त जाते का, पांढरे पाणी जाते का, पोटात दुखते का, अपत्ये किती, गर्भपिशवी काढली आहे का, हेही आपण विचारतो. शरीराची विचारपूस इतक्या बारकाईने करणाऱ्या त्या दोन पानांवर मनाविषयी एक ओळही नाही.

गेल्या वर्षी निफाडकडून आलेली, द्राक्षबागेत रोजाने जाणारी, तिशीतली एक बाई माझ्यासमोर बसली होती. सगळ्या रकान्यांची उत्तरे देऊन झाली तरी ती उठेना. मागे उभ्या असलेल्या तिच्या सासूबाई पाणी प्यायला गेल्या, तेव्हा ती खाली बघून म्हणाली, “ताई, पाळी यायच्या आधी आठ दिवस मी माझी नसतेच बघा. लेकराला मारते, मग रात्रभर रडते. पाळी आली की कोणी भूत उतरवावं तसं उतरतं.” घरच्यांनी तिला दोनदा देवऋषाकडे नेले होते, कारण त्रास महिन्यातून एकदाच येतो म्हटल्यावर तो अमावस्येचा फेरा असणार, असे त्यांनी ठरवून टाकले होते. तिची पाळी त्या वर्षात अमावस्येच्या मागेपुढे येत होती, एवढेच त्यात खरे होते. मी तिचे वाक्य अर्जाच्या समासात लिहिले. पुढे अर्ज संगणकावर चढवले गेले तेव्हा समासातले काही चढले नाही. तिच्या नावापुढे रक्त कमी असल्याची आणि लोहाच्या गोळ्या दिल्याची नोंद राहिली, आणि जे सांगायला ती पहाटे उठून एवढ्या लांब आली होती, ते कोठेच राहिले नाही.

तिचे म्हणणे मला लगेच कळले, कारण मी स्वतः त्यातून गेले आहे. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, वय ४३. मुलीच्या जन्मानंतर वर्षभराने पाळी पुन्हा नियमित सुरू झाली आणि तेव्हापासून जवळजवळ ११ वर्षे, दर महिन्याचे सात-आठ दिवस मी अशा अवस्थेत काढले, की त्या दिवसांतली मी आणि उरलेल्या दिवसांतली मी यांची ओळख पटू नये. कोणी काही बोलले की ते आतवर लागे. भाजी करपली म्हणून मी स्वयंपाकघरात खाली बसून तासभर रडले आहे. वर्गात एका मुलाने हसून उत्तर दिले म्हणून त्याला दाराबाहेर उभे केले आहे. झोप उडे, गोड खाण्याची वखवख सुटे, गणिताचे रोजचे उदाहरण फळ्यावर मध्येच अडे. आणि या सगळ्याच्या खाली एक विचार सतत चालू असे, की आपण नसलो तर या घराचे भले होईल. नोकरी सोडण्याचा अर्ज मी दोनदा दिला, दोन्ही वेळा त्याच दिवसांत. दुसऱ्या वेळी मुख्याध्यापिकाबाईंनी तो चार दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पाचव्या दिवशी मला बोलावून, काही न विचारता, परत दिला. त्यांचे ते उपकार मी विसरणार नाही. माझी मुलगी दहा वर्षांची असताना प्रगतिपुस्तकावर सही घेण्यासाठी आठ दिवस थांबली होती. उशीर का केलास म्हणून मी विचारले, तर म्हणाली, “तू बरी होण्याची वाट बघत होते.”

मी उपचार घेतले नाहीत असे नाही. प्रथम स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. सोनोग्राफी झाली, थायरॉइड झाले, हार्मोन्सच्या तपासण्या झाल्या, आणि सगळे रिपोर्ट चांगले आल्याचे सांगून मनाला लावून घेऊ नका, असा सल्ला मिळाला. मग मानसोपचार सुरू केले. नैराश्याच्या गोळ्या मिळाल्या, पण फेरतपासणीची तारीख नेमकी माझ्या चांगल्या दिवसांत पडे. मी हसतमुखाने जाई, बरे वाटते म्हणून सांगे, गोळी कमी होई, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तोच खड्डा. आणखी एका ठिकाणी मनाची ही भरती-ओहोटी पाहून द्विध्रुवी विकाराचे निदान झाले आणि आठ महिने त्याची औषधे मी घेतली. यांपैकी कोणत्याही डॉक्टरांविषयी माझ्या मनात राग नाही. प्रत्येकाने आपल्या विषयातले प्रश्न नीट विचारले होते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली आणि मनाचे विचारले नाही. मनाचे विचारणाऱ्यांनी पाळीची तारीख विचारली नाही.

ती तारीख मला शेवटी एका वहीत सापडली. वही तपासली की सहीखाली तारीख घालण्याची माझी सवय आहे. एका मार्चमध्ये नववीतल्या एका मुलीची वर्षभराची वही माझ्यासमोर होती आणि तिच्यात लाल शाईत, माझ्याच अक्षरात, असे चार शेरे होते की जे वाचून माझे हात गार पडले. एकात ‘लाज वाटत नाही का?’ असे लिहिले होते. ती मुलगी हुशार नव्हती, पण कष्टाळू होती. बाकी वर्षभर मी तिला ‘छान’, ‘आणखी एकदा करून बघ’ असेच लिहिले होते. त्या चार शेऱ्यांखालच्या तारखा ११ जुलै, ७ ऑगस्ट, ४ सप्टेंबर आणि ३ ऑक्टोबर अशा होत्या. घरी जाऊन स्वयंपाकघरातली जुनी दिनदर्शिका काढली. दुधाच्या खाड्यांबरोबर मी तिच्यावर पाळीच्या तारखेलाही बारीक फुली करत असे. चारही शेरे फुलीच्या तीन ते सहा दिवस आधीचे होते. ती वही आणि दिनदर्शिका घेऊन मी शहरातल्याच एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी घाई केली नाही. रोज रात्री भरायचा एक तक्ता दिला, दोन महिने भरून आणायला सांगितले, आणि त्यानंतर जे नाव सांगितले ते मी ४० वर्षांच्या आयुष्यात प्रथम ऐकत होते : प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, म्हणजेच पीएमडीडी. मासिक पाळीशी बांधलेला, तीव्र, पण उपचारांना दाद देणारा मनोविकार.

समितीच्या दोन वाक्यांपैकी पहिल्याचे उत्तर याच माहितीत आहे, म्हणून ती थोडी सविस्तर लिहिते. पाळीआधी थोडी चिडचिड, स्तन दुखणे, पोट फुगणे, उगाच रडू येणे हे बहुसंख्य स्त्रियांना कधी ना कधी होते आणि ते आजारपण नव्हे. पीएमडीडी त्याहून वेगळा आहे आणि ढोबळमानाने शंभरातल्या दोन ते पाच स्त्रियांना होतो. त्याच्या निदानाची कसोटी कडक आहे. मनाची तीव्र चढउतार, अनावर राग, खोल उदासी आणि हताशा, किंवा पराकोटीची अस्वस्थता यांपैकी किमान एक लक्षण असलेच पाहिजे. झोप, भूक, एकाग्रता, थकवा, शरीराच्या तक्रारी हे धरून एकूण किमान पाच लक्षणे हवीत. ती पाळीच्या आधीच्या आठवड्यात यायला हवीत, पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ओसरायला हवीत, आणि पाळीनंतरच्या आठवड्यात जवळजवळ नाहीशी व्हायला हवीत. त्यांनी काम किंवा नाती खरोखर बिघडायला हवीत. आणि हे सगळे आठवणीवर विसंबून चालत नाही, किमान दोन पाळीचक्रांची रोजची नोंद लागते. मूळचे नैराश्य किंवा चिंतेचा आजार पाळीआधी फक्त बळावतो, असेही पुष्कळ जणींचे असते. त्यांचे उपचार वेगळे, आणि तो फरकसुद्धा या नोंदीनेच कळतो.

पाळीआधीच्या या ताणाचे वर्णन न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ साली केले होते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३च्या आपल्या निदानसंहितेत पीएमडीडीला नैराश्याच्या विकारांत पूर्ण स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणाला २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले; त्यात या आजाराला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहे. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या वर्गीकरणात पीएमडीडी जननेंद्रिय आणि मूत्रमार्गाच्या आजारांच्या प्रकरणात ठेवलेला आहे आणि तोच नैराश्याच्या विकारांच्या यादीतही दाखवलेला आहे. म्हणजे हा आजार दोन्ही दारांतून आत येतो, हे तेथे मान्य झाले आहे, आणि आपल्याकडे दोन्ही दारांवरून रुग्ण परत जाते. असे असता हे प्रश्न महिला आरोग्य शिबिराच्या कक्षेत येत नाहीत, तर मग ते कोणाच्या कक्षेत येतात?

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य ऐकून परतलेल्या बहिणींसाठी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. रिपोर्ट नॉर्मल येतात, कारण या आजारात हार्मोन्सचे प्रमाण बहुधा नॉर्मलच असते. १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील पीटर श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या आणि तसा त्रास नसलेल्या स्त्रियांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. औषधाने अंडाशयाचे काम तात्पुरते थांबवल्यावर त्रास असलेल्यांपैकी अनेकींची लक्षणे गेली. नंतर इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन पुन्हा दिल्यावर ती परतली. आणि ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांना तेच हार्मोन देऊनही काही झाले नाही. सगळ्यांच्या शरीरात वाहणारे पाणी एकच, पण काहींच्या मेंदूची माती त्याला वेगळी प्रतिक्रिया देते. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत तयार होणारे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हे द्रव्य एरवी मन शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करते. या स्त्रियांत त्याच्या चढउताराशी मेंदू नीट जुळवून घेत नाही, असे आजचे संशोधन सांगते. २०१७ साली त्याच संस्थेच्या संशोधकांना अशा स्त्रियांच्या पेशींत जनुकांच्या एका गटाचे काम वेगळे चाललेले दिसले. स्वभावदोष, संस्कार, सासरची वागणूक किंवा बाहेरची बाधा यांत शोधत बसलेले कारण तेथे आहे.

आता दुसरे वाक्य, गैरसमज पसरण्याचे. ही भीती मी हलक्यात घेत नाही. बाईने न्याय्य कारणासाठी आवाज चढवला तरी ‘पाळी आली वाटतं’ म्हणून तिला गप्प करणारे लोक मी शिक्षकांच्या खोलीतही पाहिले आहेत. अमेरिकेतही १९८०च्या दशकात हे निदान पुढे आले तेव्हा स्त्रियांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच त्याला विरोध केला होता, आणि निदानसंहितेच्या १९८७ व १९९४ या दोन्ही आवृत्त्यांत ते परिशिष्टातच ठेवले गेले. परंतु प्रश्न न विचारल्याने तो टोमणा थांबलेला नाही. नाव नसल्यामुळे तो आज सरसकट सगळ्यांना मारला जातो. दोन महिन्यांची नोंद हीच खरी राखण आहे, कारण तिच्यामुळे जिचा राग नवऱ्याच्या मारझोडीवरचा आहे तिचा राग पाळीच्या खात्यात जाणार नाही, आणि जिचा त्रास आजाराचा आहे तिला स्वभावाच्या नावाखाली आयुष्यभर अपराधी वाटून घ्यावे लागणार नाही. त्या तक्त्याने माझ्या घरातही हेच केले. माझ्या काही तक्रारी महिनाभर कायम होत्या. त्या आजाराच्या नव्हत्या, खऱ्या होत्या, आणि त्यांवर आम्हा नवरा-बायकोला नीट बोलावे लागले.

माझा आक्षेप एका अर्जापुरता नाही. शिबिरात डॉक्टर असतात तेथे पडदा असतो, पण जेथे माहिती विचारली जाते त्या नोंदणीच्या टेबलाभोवती सासू, नणंद, नवरा आणि मागची रांग असे सगळे उभे असतात. अशा ठिकाणी कोणती स्त्री मनातले सांगेल? दुसरे असे की, किशोरवयीन मुलींसाठी होणाऱ्या शाळेतल्या व्याख्यानांत मी गेली कित्येक वर्षे श्रोत्यांत बसले आहे. सॅनिटरी पॅड कसे वापरावे, कसे टाकावे, रक्त वाढण्यासाठी काय खावे, हे मुलींना सांगितले जाते आणि ते सांगितलेच पाहिजे. पण २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात प्रजनन आरोग्याच्या जोडीला मानसिक आरोग्य हाही विषय आहे, आणि पाळीमुळे मन इतके बिघडू शकते की मदत मागावी, हे वाक्य मी एकाही व्याख्यानात ऐकलेले नाही. नववी-दहावीच्या वर्गात दर महिन्याला ठरावीक दिवसांत कोसळणाऱ्या मुली असतात. त्यांच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही ‘लहरी’ असे लिहितो.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांविषयीही मला बोलायचे आहे. गौरी-गणपती, वणीची यात्रा, घरातले लग्न, सत्यनारायण यांसाठी त्या गोळ्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेणाऱ्या बायका आपण सगळेच ओळखतो, आणि २०२७च्या सिंहस्थात या शहरात काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. त्या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनसारखेच काम करणारे हार्मोन असते. ज्या स्त्रीचा मेंदू त्याला संवेदनशील आहे, तिच्या मनावर त्याचा परिणाम होऊ शकतो. गोळी देण्याआधी ‘पाळीआधी मनाला फार त्रास होतो का’ एवढे कोणी तरी विचारायला हवे.

आणि सर्वांत गंभीर बाब दुसऱ्या प्रश्नाची. पीएमडीडी असलेल्या स्त्रियांत आत्महत्येच्या विचारांचे आणि प्रयत्नांचे प्रमाण जास्त असते, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत, निदान झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे एकतृतीयांश स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी तसा प्रयत्न केल्याचे सांगितले. त्या पाहणीत स्वतःहून सहभागी झालेल्या, बहुधा जास्त त्रास असलेल्या स्त्रिया होत्या, त्यामुळे तो आकडा सगळ्यांना जसाच्या तसा लावू नये. तरी तो वाचून झोप उडावी एवढा मोठा आहे. ‘असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरेल’ असे समितीतील एक सदस्य मला तोंडी म्हणाले. तसे होत नाही, हे मानसोपचाराच्या क्षेत्रात आता सर्वमान्य आहे. कोणी विचारले की माणसाला सुटका वाटते. मला ११ वर्षांत हा प्रश्न एकदाच विचारला गेला, आणि तेव्हा मी जे रडले, ते पुष्कळ दिवसांनी कोणी तरी दार वाजवल्यासारखे होते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक व्यक्तीला मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क नोंदणीच्या टेबलापर्यंत पोहोचलेला नाही.

उपचार नसते, तर हे सारे विचारून काय उपयोग, असे कोणी म्हणू शकले असते. पण उपचार आहेत. नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या, सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या या आजारात आठवड्यांऐवजी काही दिवसांतच गुण देऊ लागतात, आणि अनेक स्त्रियांना त्या रोज न घेता फक्त पाळीआधीचे सुमारे चौदा दिवस घेऊनही चालतात. त्यांपैकी फ्लुओक्सेटीनला अमेरिकेत २००० साली नेमक्या याच आजारासाठी मान्यता मिळाली. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि महाग नाही. ड्रोस्पिरेनोन असलेल्या विशिष्ट गर्भनिरोधक गोळ्या, समुपदेशन आणि विचारांवर काम करणारी उपचारपद्धती, फार तीव्र त्रासात अंडाशयाचे काम थांबवणारी इंजेक्शने, हे पुढचे मार्ग आहेत. कोणते औषध कोणाला, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. माझे पत्र वाचून कोणीही स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नये किंवा बंद करू नये. माझ्यापुरते सांगायचे, तर पहिल्याच महिन्यात फरक पडला. आजही दोन दिवस जड जातात, पण ते कोणते हे घरातल्या सगळ्यांना माहीत असते आणि त्या दोन दिवसांत मी वह्या तपासत नाही.

समितीकडे आणि डॉक्टरांकडे माझ्या मागण्या अशा आहेत. येत्या शिबिराच्या अर्जात वर लिहिलेले दोन्ही प्रश्न छापावेत, आणि ते रांगेत न विचारता पडद्याआड, शक्यतो परिचारिकेने किंवा समुपदेशकाने, स्त्री एकटी असताना विचारावेत. पहिल्या प्रश्नाला ‘होय’ म्हणणाऱ्या प्रत्येकीला दोन महिन्यांचा नोंद-तक्ता सोप्या मराठीत द्यावा. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांसाठी चेहऱ्यांची चित्रे असलेला तक्ता वेगळा असावा. दुसऱ्या प्रश्नाला ‘होय’ म्हणणारी स्त्री त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना भेटल्याशिवाय घरी जाऊ नये, अशी व्यवस्था हवी, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक प्रत्येक अर्जाच्या फाडून द्यायच्या भागावर असावा. कोणत्याही स्त्रीचे उत्तर ध्वनिक्षेपकावरून, यादीतून किंवा नातेवाइकांमार्फत बाहेर जाता कामा नये.

डॉक्टरांना माझी विनंती एका ओळीची आहे : स्त्रीरोगतज्ज्ञांनी मनाचे विचारावे, मानसोपचारतज्ज्ञांनी शेवटच्या पाळीची तारीख विचारावी, आणि फेरतपासणीची एक तारीख तरी पाळीआधीच्या आठवड्यात द्यावी. राज्याच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. समितीतील अनेक डॉक्टरांचा तेथे संबंध येतो. फॅमिली डॉक्टर, परिचारिका आणि आशाताई यांच्यासाठी या विषयावर एक दिवसाचे प्रशिक्षण व्हावे, असा प्रस्ताव समितीने विद्यापीठाकडे पाठवावा. शाळेतल्या व्याख्यानांत या विषयाची पंधरा मिनिटे वाढवण्याची जबाबदारी आम्ही शिक्षिका घेऊ. आम्हाला फक्त बोलणारे डॉक्टर द्या.

नोंद-तक्त्याचा मसुदा मी तयार केला आहे. तो एका पानाचा आहे, माझ्या डॉक्टरांनी तपासून दिलेला आहे, आणि या पत्राबरोबर बंद पाकिटात समितीच्या कार्यालयात ठेवला आहे. पहिल्या ५०० प्रतींच्या छपाईचा खर्च मी देईन. अर्ज छापखान्यात जाण्याआधी बदल करता यावा म्हणून समितीने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लेखी उत्तर द्यावे. आणि निफाडच्या त्या बाईंचा गेल्या वर्षीचा अर्ज कार्यालयात असेल, तर तो शोधून त्यांना यंदा पुन्हा बोलावून घ्यावे. त्यांच्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर, डाव्या समासात, निळ्या शाईत माझे अक्षर आहे.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका आणि शिबिरातील स्वयंसेविका,
इंदिरानगर, नाशिक

(माझे नाव आणि पत्ता समितीकडे आहे. माझी मुलगी आणि माझ्या विद्यार्थिनी यांचा विचार करून तो येथे दिलेला नाही.)